पेन आजीच्या गावी एक शनिवार-रविवार

"तिकडे सुट्टीच्या दिवशी काय करायचात हो तुम्ही?" कंबोडियाहून परतल्यावर हा प्रश्न मला जितक्या जणांनी विचारला, तितक्यांनी "तिकडे शिकवलंत काय?" हे काही विचारलं नाही. सुरुवातीला मला याचा थोडा रागच यायचा. बत्तीस वर्षं गणित शिकवून सेवानिवृत्त झालेली बाई पदरच्या तिकिटानं दोन महिने परदेशी विनावेतन शिकवायला जाते, तर लोकांनी निदान तिच्या कामाबद्दल तरी विचारावं! आता वाटतं, विचारणाऱ्यांचंच बरोबर होतं. त्या दोन महिन्यांत मी जे शिकवलं त्याचा हिशेब फार मोठा नाही. सुट्टीच्या एका शनिवार-रविवारचा हिशेब मात्र अजून मिटलेला नाही.

गेले होते ती २०१९ च्या फेब्रुवारीत. नॉम पेन्ह शहरात प्राथमिक शिक्षकांसाठी वर्ग चालवणारं एक छोटं केंद्र आहे, तिथं. सोमवार ते शुक्रवार काम, शनिवार-रविवार मोकळे. साताऱ्याहून निघताना बॅगेत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि आइस्क्रीमच्या काड्यांच्या दहा-दहाच्या चाळीस जुड्या बांधून घेतल्या होत्या. एकक-दशक मुलांना कसं शिकवावं हे तिकडच्या मंडळींना दाखवायचं, असं ठरवूनच गेले होते. दाखवायचं, बघायचं नव्हे.

पहिला आठवडा खोली ते वर्ग आणि वर्ग ते खोली यातच गेला. मग आला मोकळा शनिवार. सकाळी सातलाच बाहेर पडले.

शहराच्या नावाची गोष्ट मला आदल्याच दिवशी कळली होती. नॉम म्हणजे टेकडी आणि पेन्ह हे एका बाईचं नाव. चौदाव्या शतकात नदीच्या पुरात वाहून आलेल्या ओंडक्याच्या ढोलीत तिला बुद्धाच्या मूर्ती सापडल्या, तिनं टेकडी रचून त्यावर देऊळ बांधलं, अशी आख्यायिका आहे. तिला म्हणतात डोन पेन्ह. डोन म्हणजे आजी! राजांच्या, सेनापतींच्या नावांची शहरं पुष्कळ पाहिली, पण एका आजीबाईच्या नावाची राजधानी मला दुसरी ठाऊक नाही. मी स्वतः दोन नातवंडांची आजी असल्यामुळे मला हे गाव तिथंच निम्मं आवडून गेलं.

उरलेलं निम्मं आवडायला जरा कष्ट पडले. इथं बहुतेक रस्त्यांना नावांऐवजी आकडे आहेत. साधारणपणे विषम आकड्यांचे रस्ते उत्तर-दक्षिण, समांचे पूर्व-पश्चिम. गणिताच्या बाईला याहून सोयीचं काय असणार, असं म्हणून मी ऐटीत चालू लागले. पण घरांचे क्रमांक कुणी कसे दिले देव जाणे. एकाच रस्त्यावर एकच क्रमांक दोन-तीन घरांना असू शकतो. अर्ध्या तासात मी व्यवस्थित हरवले. पत्ता सांगणारा स्वतः कधीच चुकत नसतो ही आपल्याकडची पद्धत तिथंही आहे, त्यामुळे तीन जणांनी मला तीन दिशांना पाठवलं. शेवटी एक रिक्षा थांबली आणि बघते तर काय, थेट आपली बजाजची तीनचाकी! वाळूजच्या कारखान्यात तयार होणारी ही रिक्षा अलीकडे त्या शहरात जागोजागी दिसते. परमुलखात माहेरचं माणूस भेटावं तशी मी त्यात बसले.

चालक तिशीचा असेल. गळ्यात चौकड्यांचा सुती पंचा, त्याला तिकडे क्रामा म्हणतात. मला तो "यायी" म्हणाला. यायी म्हणजेही आजीच. मोडक्या इंग्रजीवर आमचं भागत होतं. त्यानं मला प्सार थ्मेयला, म्हणजे नव्या बाजारात सोडलं. हा 'नवा' बाजार १९३७ सालचा, फ्रेंच अमदानीतला. मधोमध पिवळा भव्य घुमट आणि त्यातून चार दिशांना पसरलेल्या चार लांब पडव्या. घुमटाखाली घड्याळं आणि दागिने, पडव्यांत कापडचोपड, भाजी, फुलं आणि मासळी. प्राहोक नावाची आंबवलेली मासळी तिथल्या स्वयंपाकाचा प्राण. तिचा वास नाकात शिरला तेव्हा आमच्या कोकणातल्या मावशीचं सुकटीचं मडकं आठवलं. मी शाकाहारी, त्यामुळे दुरूनच नमस्कार. उसाचा रस मात्र दोन पेले घेतला. घुंगरं तेवढी नव्हती.

बाहेर रिक्षावाला थांबलेलाच होता. मी कोण, कशासाठी आले हे त्याला कळल्यावर तो म्हणाला, "यायी, तुम्ही शिक्षिका. अनाथ मुलांना भेटायला चला. मुलं फार खूश होतील." राजवाडा बघायचा बेत होता. पण राजवाडा काय, उद्याही असेल. सुट्टीच्या दिवशीही आपण सत्कार्यालाच चाललो आहोत या विचारानं मला, खरं सांगते, बरं वाटलं.

शहराबाहेर पत्र्याचं फाटक होतं. आत वीस-पंचवीस मुलं. आम्ही शिरताच ती रांगेत उभी राहिली, हात जोडून नमस्कार केला आणि दोन गाणी म्हणाली. चार मुलींनी नाच करून दाखवला. मग सात-आठ वर्षांची एक मुलगी सरळ येऊन माझ्या मांडीवर बसली आणि माझ्या हातातल्या काचेच्या हिरव्या बांगड्या एकेक सरकवत मोजू लागली. मुओय, पी, बेय, बुओन, प्राम. सहाव्या बांगडीला म्हणाली, प्राम-मुओय. त्या हातात सहाच होत्या. तिनं पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. निघताना तिनं माझं बोट सोडलं नाही, तेव्हा माझे डोळे भरून आले. वीस डॉलर दिले. अभिप्रायाच्या वहीत ऑस्ट्रेलिया, कोरिया, फ्रान्सहून आलेल्या लोकांच्या खाली मी मराठीत 'धन्य झाले' असं लिहून सही केली. रात्री मुलांबरोबरचा फोटो घरच्यांना पाठवला. सुनेनं, भाच्यांनी, शाळेतल्या जुन्या सहकाऱ्यांनी कौतुकाचा पाऊस पाडला. त्या रात्री मला छान झोप लागली.

रविवारी सकाळी आमच्या केंद्रातल्या एक शिक्षिका मला शहर दाखवायला स्कूटर घेऊन आल्या. माझ्या शिकवण्याचं ख्मेर भाषेत रूपांतर त्याच करायच्या. वय अडतीसच्या आसपास. आम्ही एकमेकींना 'नेअक क्रू' म्हणायचो. क्रू म्हणजे आपला गुरू. शिक्षिकेला नेअक क्रू, शिक्षकाला लोक क्रू. शाळेला ते सालाच म्हणतात आणि त्या दिवसाला आतित. आतित म्हणजे आदित्य. आमची आजी रविवारला आइतवार म्हणायची, ते मी त्यांना सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की स्कूटर हेलकावली. मी पातळ आवरून मागे एका बाजूला बसलेली. माझं हसू आपोआप थांबलं.

राष्ट्रीय संग्रहालय राजवाड्याच्या शेजारीच आहे. १९२० साली उघडलेली, गेरूच्या रंगाची, देवळासारख्या उतरत्या छपरांची देखणी इमारत. विष्णू, शिव, हरिहर, गणपती, सगळी ओळखीची मंडळी भेटली. पण मला तिथं एक दगड बघायचा होता. मेकाँगच्या काठी सांबोर इथं सापडलेल्या शिलालेखाचा तो तुकडा. त्याच्यावर ख्मेर भाषेत तिथी कोरलेली आहे: शक ६०५, वद्य पंचमी. शक म्हणजे तोच, जो आपण शालिवाहनाच्या नावानं लग्नपत्रिकेवर छापतो. त्यात ७८ मिळवले की इसवी सन ६८३. आणि त्या ६०५ मधलं शून्य म्हणजे सहा आणि पाच यांच्यामध्ये कोरलेला एक ठिपका. ज्याची तारीख पक्की सांगता येते अशा, जगातल्या सर्वांत जुन्या शून्यांपैकी हे एक. जॉर्ज सेडेस या फ्रेंच विद्वानानं गेल्या शतकात त्याचं महत्त्व ओळखलं. पुढे युद्धात दगड दृष्टीआड झाला. २०१३ मध्ये अमीर अक्झेल या गणिताच्या लेखकानं तो शोधून काढला.

बत्तीस वर्षं मी मुलांना सांगत आले की सर्वांत जुनं कोरीव शून्य ग्वाल्हेरच्या देवळातलं. ते इसवी सन ८७६ चं, म्हणजे या ठिपक्याहून जवळजवळ दोनशे वर्षांनी धाकटं. भारतातून ज्ञान तिकडे गेलं हे खरंच, लिपी गेली, शक गेला. पण इथं कुणीतरी बसून ते दगडावर नीट कोरलं होतं आणि मी चाळीस जुड्या घेऊन त्यांना दशमान पद्धत दाखवायला आले होते! काचेसमोर उभी राहून मी माझ्याशीच हसले.

जेवायला नदीकाठच्या एका खानावळीत बसलो. भात, परतलेली भाजी, शेंगदाणे. मी कौतुकानं आदल्या दिवशीचा फोटो दाखवला. नेअक क्रूंनी तो बराच वेळ पाहिला. मग अगदी हळू विचारलं, "त्या मुलीला आई आहे का, विचारलंत?"

अनाथ मुलगी, तिला आई कुठून असेल? मी विचारलंच नव्हतं.

मग त्यांनी मला सांगितलं. त्यांच्या माहेरच्या खेड्यातली दोन मुलं शहरात शिक्षण मिळेल म्हणून अशाच एका संस्थेत दिली होती. आई-बाप दोघंही जिवंत. पुढे मी युनिसेफचे आकडे वाचले, तेव्हा समजलं की ही दोन मुलं अपवाद नव्हती. २००५ ते २०१० या पाच वर्षांत कंबोडियातल्या अशा निवासी संस्थांची संख्या ७५ टक्क्यांनी वाढली. युद्ध संपून तपं लोटली होती, त्यामुळे अनाथ मुलं काही वाढत नव्हती. वाढत होते ते पर्यटक आणि आमच्यासारखे स्वयंसेवक. या संस्थांतल्या दर चार मुलांपैकी साधारण तिघांचे आई किंवा वडील, निदान एक जण तरी हयात होते. मुलं रांगेत उभी राहायची, पाहुण्यांसाठी नाचायची, मांडीवर बसायची. महिन्याला नवा पाहुणा, नवी मांडी. अनोळखी माणसाच्या मांडीवर पहिल्याच भेटीत चढून बसणारं मूल प्रेमळ असतं असं मी समजत होते. बत्तीस वर्षं मुलांत काढलेल्या बाईला कळायला हवं होतं की घरातलं मूल असं करत नाही. ते आधी आईच्या पदराआड लपतं.

'मुलं म्हणजे प्रेक्षणीय स्थळं नव्हेत' अशी एक मोहीमच तिकडे २०११ पासून चालू झाली होती. तिचं भित्तिपत्रक माझ्या राहत्या जागेच्या जिन्यातच लावलेलं होतं. आठवडाभर मी त्याच्यावरून ये-जा केली होती. पुढे तिथल्या सरकारनंही संस्थांतल्या ३० टक्के मुलांना घरी परत पाठवण्याचं ठरवलं आणि त्यासाठी २०१८ ही मुदत घातली. मी गेले ती त्या मुदतीनंतर. म्हणजे फाटक माझ्यासाठी तेव्हाही उघडंच होतं आणि ते उघडं ठेवायला माझे वीस डॉलर पोहोचले होते.

सगळ्याच संस्था तशा असतील असं नाही. आणि आपल्याकडे नातवाच्या वाढदिवसाला अनाथाश्रमात जेवण घालून मुलांना रांगेत 'हॅपी बर्थ डे' म्हणायला लावणारेही आपणच. मीही लावलंय. असो.

त्यानंतर मला तुओल स्लेंगला जायचं होतं. नेअक क्रू म्हणाल्या, सोडते तुम्हाला. मी बाहेर थांबेन.

१७ एप्रिल १९७५ ला ख्मेर रूज फौजा शहरात शिरल्या आणि काही दिवसांतच त्यांनी सगळं नॉम पेन्ह रिकामं केलं. वीस लाखांहून अधिक माणसं, म्हातारी, बाळंतिणी, इस्पितळातले रोगीसुद्धा, चालत खेड्यांकडे हाकलली. शाळा बंद, बाजार बंद, पैसा बंद. ७ जानेवारी १९७९ ला ती राजवट कोसळेपर्यंत पावणेचार वर्षांत सुमारे सतरा लाख माणसं उपासमारीनं, रोगानं, कष्टानं आणि हत्येनं गेली. शिकलेला माणूस म्हणजे शत्रू. त्यामुळे शिक्षकांतले बहुसंख्य मारले गेले, मेले किंवा परागंदा झाले.

तुओल स्लेंग ही त्या राजवटीची छळछावणी. मूळची ती शाळा. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं, पण फाटकातून आत गेल्यावर पायच उचलेना. कारण ती कुठल्याही शाळेसारखी शाळा आहे. तीन मजली इमारती, लांब व्हरांडे, मधे पटांगण, चाफ्याची झाडं. आता घंटा होईल आणि मुलं धावत सुटतील असं वाटावं. वर्गांत विटांच्या भिंती घालून माणूस जेमतेम मावेल अशा कोठड्या केलेल्या. काही खोल्यांत भिंतीवर फळा अजून तसाच. कैद्यांनी वरून उड्या टाकून मरू नये म्हणून एका इमारतीच्या व्हरांड्यांना काटेरी तारांचं जाळं. पटांगणात मुलांच्या कसरतीसाठी उभारलेला लाकडी सांगाडा, त्याला माणसं टांगत. किमान १२ हजार माणसं इथं आणली गेली, वाचली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. आणल्या आणल्या प्रत्येकाचा फोटो काढत. ते फोटो खोल्याखोल्यांतून लावलेले आहेत. छातीवर आकडे. त्यात मुलंही आहेत. २०२५ मध्ये युनेस्कोनं ही जागा जागतिक वारशाच्या यादीत घेतली.

या छावणीचा प्रमुख 'दुच' या नावानं ओळखला जाई. आंतरराष्ट्रीय मदतीनं चाललेल्या न्यायालयानं त्याला २०१० मध्ये दोषी ठरवलं, २०१२ मध्ये अपिलात जन्मठेप झाली, २०२० मध्ये तो मेला. मी गेले तेव्हा तो तुरुंगात होता. ख्मेर रूजमध्ये जाण्यापूर्वी तो शिक्षक होता. गणिताचा.

हे वाचून मी खाली पायरीवर बसले. आपला विषय माणसाला नेमका विचार करायला शिकवतो, असं मी प्रत्येक पालकसभेत सांगत आले. इथल्या नोंदीही अत्यंत नेमक्या होत्या.

बाहेर आले तेव्हा नेअक क्रू समोरच्या टपरीच्या सावलीत बसल्या होत्या. त्यांनी काही विचारलं नाही. शहाळं पुढे केलं. थोड्या वेळानं त्याच बोलल्या. त्यांचे थोरले मामा शिक्षक होते. घरून नेले, पुन्हा आले नाहीत. आईनं पूर्वी इथं येऊन सगळे फोटो पाहिले, त्यात ते सापडले नाहीत. "मी बघत नाही," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी आईची गोष्ट सांगितली. १९७९ मध्ये शाळा पुन्हा उघडल्या तेव्हा शिकवायला माणसंच नव्हती. ज्याला जास्त येतं त्यानं कमी येणाऱ्याला शिकवावं, ज्याला थोडं येतं त्यानं काहीच न येणाऱ्याला, असं तेव्हाचं घोषवाक्य होतं. त्यांच्या आईचं शिक्षण चौथीपर्यंत. तेवढ्यावर त्या बाई शिक्षिका झाल्या. वह्या नाहीत, खडू नाही. झाडाखाली मातीत आकडे काढायच्या. देशात चलनच उरलं नव्हतं, ते १९८० साली पुन्हा आलं. तोवर पगार म्हणून तांदूळ मिळायचे. चौथी शिकलेल्या त्या बाईनं पुढे सव्वीस वर्षं पहिलीचा वर्ग घेतला.

"काय शिकवायच्या पहिलीला?" मी विचारलं.

"तेच. मोजायला."

सोमवारी मी वर्गात गेले. जुड्यांची पिशवी टेबलाखाली ठेवली आणि नेअक क्रूंना म्हटलं, आज मी शिकवत नाही. सात आणि आठ किती, हे तुम्ही पहिलीच्या मुलाला कसं सांगता ते मला दाखवा. आधी कुणी उठेना. मग मागच्या बाकावरचे एक तरुण लोक क्रू पुढे आले. त्यांच्या भाषेत सहाला स्वतंत्र शब्द नाही. पाच-एक, पाच-दोन, पाच-तीन असं म्हणतात. त्यांनी एका मुठीची पाच आणि दुसरीची दोन बोटं वर केली: सात म्हणजे प्राम-पी. शेजाऱ्याला उठवून त्याची बोटं वर करायला लावली: आठ, प्राम-बेय. मग दोघांचे पूर्ण उघडे पंजे एकमेकांना भिडवले. पाच आणि पाच, झाले दहा. उरली इकडची दोन बोटं आणि तिकडची तीन. ती जुळवली तर पुन्हा एक पंजा. पंधरा. काडी नाही, खडू नाही, हातचाही नाही.

त्याच वर्षी जूनमध्ये आपल्याकडे दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'बरोबर 'वीस एक' छापलं म्हणून केवढा गदारोळ झाला! वर्तमानपत्रांतली ती पत्रं वाचताना मला ते दोन पंजे दिसत होते.

मी त्यांना म्हटलं, पुन्हा दाखवा. ते पहिल्यापासून सुरू झाले. मुओय, पी, बेय, बुओन, प्राम. मी माझ्या हातातल्या बांगड्यांवर मोजत होते. सहाव्या बांगडीपर्यंत मला आकडे येत होते.